‘मदत मागितली, तर बाळ काढून घेतील का?’

दार उघडताच फिनाइलचा वास आला. फरशी ओली, बाटल्या उकळून ओळीनं मांडलेल्या, कडेवरच्या तीन महिन्यांच्या बाळाला कोरं झबलं. आई २० वर्षांची, एकटी (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). रात्रभर जागी होती, हे डोळ्यांवरून कळत होतं. “सगळं ठीक आहे मॅडम,” ती म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

नव्या आयांना घरी जाऊन भेटणं, आधार देणं हे माझं काम. शीर्षकातला प्रश्न मला अनेक घरांत भेटतो, बहुतेक वेळा न विचारलेला. हिचं बालपण मुलं सांभाळणाऱ्या संस्थेत गेलेलं. घरी येणारी बाई म्हणजे चुका टिपणारी, एवढंच तिला ठाऊक.

पहिल्या दोन भेटींत मी घोळच घातला. दूध, झोप, लसी, नुसता सल्ल्यांचा मारा. ती मान डोलवत राहिली. तिसऱ्या भेटीत वही पिशवीतच ठेवली आणि सांगितलं, “थकवा येतो, बाळाचा राग येतो, हे बोललीस म्हणून कोणी बाळ नेत नाही. तुझ्या किंवा त्याच्या जिवाला धोका दिसला, तर मात्र मला पुढे कळवावं लागेल.” ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट आश्वासन मी देत नाही. ते मोडलं की दार कायमचं बंद होतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मला याच्याबद्दल काही वाटतच नाही.”

प्रसूतीनंतरचं नैराश्य चाचपण्यासाठी १९८७ साली आलेली एडिनबरो प्रश्नावली आम्ही वापरतो. १० प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे तिनं ‘कधीच नाही’ लिहिलं, पण एकूण गुण बरेच वर होते. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, म्हणून डॉक्टरांकडे मी सोबत गेले. उपचार आणि भेटी बरोबरीनं चालू राहिल्या.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग आमच्या प्रशिक्षणात असतो: आई निर्विकार चेहऱ्यानं बसली की बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलावू पाहतं आणि शेवटी तोंड फिरवतं. हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. तिला तो आरोपच वाटला असता. त्यांचंच दुसरं निरीक्षण सांगितलं, की चांगल्या जोड्यांतही आई-बाळाचे सूर सारखे चुकतात आणि पुन्हा जुळतात.

मग तिच्याच मोबाइलवर पाच मिनिटं दूध पाजतानाचं चित्रण केलं. पाहताना एका जागी थांबवलं. बाळानं मान वळवली होती. बाटली पुढे न रेटता ती थांबली होती. चार-पाच सेकंदांत ते परत वळलं, थेट तिच्या डोळ्यांकडे.

“हा माझ्याकडे बघतोय?” तिनं तेवढाच तुकडा तीनदा लावला.

पुढच्या भेटीला फिनाइलचा वास नव्हता. कालची भांडी तशीच पडली होती. “बसा ताई,” म्हणत तिनं खुर्चीवरची दुपटी बाजूला सारली आणि बाळ माझ्या हातात देऊन तोंड धुवायला गेली.