‘द सी वुल्व्ज’ चित्रपटात दाखवलेला मुरगाव बंदरातला हल्ला खरंच झाला होता का? त्यातलं किती खरं?

हो, झाला होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री, पोर्तुगिजांच्या गोव्यात, ब्रिटिशांच्या माणसांनी एका जर्मन बोटीवर केलेला. १९८० चा हा चित्रपट जेम्स लीझर यांच्या ‘बोर्डिंग पार्टी’ या १९७८ च्या पुस्तकावर बेतलेला आहे. त्याआधी जवळजवळ पस्तीस वर्षं ब्रिटिशांनी हे प्रकरण बाहेर येऊ दिलं नव्हतं, म्हणून गोव्याबाहेर आजही फार जणांना ते ठाऊक नसतं. माझ्या मते हल्ल्याचा तपशील चित्रपटात बराचसा खरा आहे. हल्ल्यामागचं कारण मात्र तो सांगतो तेवढं पक्कं नाही, आणि त्या वर्षीचा हिंदुस्थान तर त्यात दिसतच नाही.

आधी खरं काय ते. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन मालवाहू बोटी मुरगावच्या आश्रयाला आल्या. पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे तिथे त्यांना कोणी हात लावू शकत नव्हतं. आनफोरा नावाची एक इटालियन बोटही तिथेच अडकून होती. ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया पाहणाऱ्या खात्याची खात्री होती, की एरेनफेल्सवर चोरून ठेवलेल्या बिनतारी यंत्रावरून दोस्तांच्या जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांना कळवल्या जातात.

आरमार पाठवून बोट उडवणं शक्य नव्हतं. पोर्तुगाल म्हणजे इंग्लंडचा चौदाव्या शतकापासूनचा मित्र. त्याच्या बंदरात गणवेशातला एक जरी सैनिक सापडला असता, तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला दुखावल्यासारखं झालं असतं, आणि ते लंडनला परवडणारं नव्हतं. म्हणून कामाला लावले कलकत्ता लाइट हॉर्सचे लोक. ही १८७२ पासूनची हौशी घोडदळाची पलटण. तिच्यातले बहुतेक जण कलकत्त्याच्या कंपन्यांमधले साहेब, कित्येक जण चाळिशी ओलांडलेले. लाइट हॉर्सचे चौदा आणि कलकत्ता स्कॉटिशचे चार असे अठरा जण निवडले गेले. घरी काहीबाही कारणं सांगून ते रेल्वेने कोचीनला पोहोचले. त्यांची बोट होती ‘फीबी’, गाळ वाहून नेणारा एक बार्ज. मांडवी-झुआरीवर खनिजाचे बार्ज पाहिलेल्या माणसाला ती काय चीज असेल हे लगेच कळेल. ती कलकत्त्याहून समुद्रमार्गे अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून कोचीनला आली आणि तिथून या लोकांना घेऊन मुरगावला गेली.

मला सगळ्यात आवडतं ते तारखेचं गणित. १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला, म्हणजे येऊ शकतं तेवढं उशिरा आलं होतं. कार्निव्हालची तारीख ईस्टरवरून ठरते, त्यामुळे त्याचा शेवटचा मंगळवार पडला ९ मार्चला. इंत्रूजची, म्हणजे कार्निव्हालची रात्र, सगळं गाव रस्त्यावर, आणि खलाशी किनाऱ्यावरच रमावेत याची सोय आधीच करून ठेवलेली. चित्रपटात ही धामधूम छान उतरली आहे.

फीबी एरेनफेल्सला भिडली, झटापट झाली, जर्मन कप्तान मारला गेला. खलाशांनी आग लावून आणि तळाचे व्हॉल्व्ह उघडून बोट स्वतःच बुडवली. ती जळताना पाहून बाकीच्या तिन्ही बोटींवरच्या लोकांनीही आपापल्या बोटी पेटवून बुडवल्या. हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही. त्याआधी पणजीत राहणाऱ्या रॉबर्ट कॉख या जर्मन हेराला बायकोसकट गोव्याबाहेर पळवून नेलं होतं, तेही खरं. रॉजर मूरला भुरळ घालणारी मिसेस क्रॉमवेल मात्र शुद्ध कल्पना आहे. मूर तेव्हा पडद्यावर जेम्स बाँड होता, त्याच्यासाठी अशी बाई लिहिली जाणारच!

आता कारणाकडे. चित्रपट पाहिल्यावर वाटतं, की मुरगावचा तो संदेश बंद झाला आणि हिंदी महासागर सुरक्षित झाला. मला हे पटत नाही. जर्मन पाणबुड्यांची ‘मॉन्सून’ तुकडी युरोपातून निघाली तीच १९४३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे हल्ल्यानंतर. त्याआधी जर्मन पाणबुड्यांचा जोर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे होता, आणि आपल्या बाजूच्या पाण्यात जपानी पाणबुड्याही फिरत होत्या. मुरगावचं यंत्र अगदीच निरुपयोगी होतं असं मी म्हणत नाही. पण एका यंत्रावर एवढ्या बुडालेल्या जहाजांचं खापर फोडणं ही कथेची गरज आहे, इतिहासाची नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. गांधीजींचं आगाखान पॅलेसमधलं एकवीस दिवसांचं उपोषण ३ मार्चला सुटलं, म्हणजे हल्ल्याच्या सहा दिवस आधी. काँग्रेसचे सगळे मोठे नेते तुरुंगात होते. बंगालमध्ये तांदळाचे भाव चढत होते आणि त्याच वर्षी तिथे लाखो माणसं भुकेने मेली. ज्या कलकत्त्याच्या क्लबात ही मोहीम शिजली, त्याच कलकत्त्याच्या फुटपाथवर काही महिन्यांत प्रेतं पडणार होती. यातलं काहीही चित्रपटात नाही. गोवेकर दिसतात ते नाचणाऱ्या गर्दीत नाहीतर हातात ट्रे घेऊन. त्याच गोव्यात तीन वर्षांनी, १८ जून १९४६ ला, लोहियांनी मडगावात सभा घेतली आणि लोक पोर्तुगिजांसमोर उघड उभे राहिले. चित्रपटातल्या गोव्यात अशी माणसं राहत असतील असा संशयही येत नाही.

तरीही बघा, असंच सांगेन. दिग्दर्शक अँड्र्यू मॅकलॅग्लन, चित्रीकरण खुद्द गोव्यातलं, आणि ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, ट्रेव्हर हॉवर्ड ही जुनी खोडं एकत्र. मोहिमेचा म्होरक्या खरा कर्नल प्यू तेव्हा पस्तिशीचा होता आणि त्याचं काम करणारा पेक साठी ओलांडलेला, म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला ते खटकत नाही. धाप लागलेल्या, पोट सुटलेल्या माणसांनी पुन्हा कवायत करायची आणि तरी मागे हटायचं नाही, हा चित्रपटाचा खरा जीव आहे, आणि सत्तरीला आलेला निव्हन नुसत्या चालण्यातून ते दाखवतो. पहिला अर्धा भाग रेंगाळतो, तेवढा सोसा. फीबी कोचीनहून निघाली की मग उठावंसं वाटत नाही.

पुस्तक मिळालं तर तेही वाचा. फक्त त्यातले पाणबुड्यांचे दावे वाचताना मॉन्सून तुकडी कधी निघाली ती तारीख लक्षात असू द्या.