'कामी आला' हा शब्द हलका आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले आणि परतले नाहीत. पणजोबांच्या वहीत त्यांच्याविषयी एकच ओळ आहे, 'तिकडेच लढाईत कामी आला.' आता गावात त्यांच्या नावाची पाटी लावायची आहे. 'कामी आला' म्हणजे एखादी वस्तू वापरून संपली असं वाटतं, तेव्हा 'शहीद' लिहावं की 'हुतात्मा'?

माझं मत स्पष्ट आहे, वहीतला शब्द बदलू नका.

'कामी' ही जुनी सप्तमी. घरी, दारी, रणी, तशीच कामी. 'काम' आलं संस्कृत 'कर्म'वरून, प्राकृत 'कम्म'च्या वाटेनं. 'धारातीर्थी पडला' याची घडणही हीच, तलवारीची धार हेच तीर्थ, तिथं तो पडला. दोन्हीकडे वाक्याचा कर्ता शिपाईच राहतो. 'मारला गेला' म्हटलं की वाक्य शत्रूच्या हाती जातं. आज आपण 'ओळख कामी आली', 'छत्री कामी आली' म्हणतो, म्हणून कानाला शब्द हलका लागतो. बखरींत मात्र मोठमोठे सरदारही 'कामास आले' असेच येतात. सरदाराला आणि शिपायाला एकच क्रियापद, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कारण भाषा नेहमी इतकी समदृष्टी नसते. १७६१ च्या पानिपतानंतरचा तो सांकेतिक निरोप आठवा. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. आणि खुर्दा म्हणजे गावोगावचे शिपाई! फारसी 'खुर्द' म्हणजे लहान. गावांच्या नावांत बुद्रुकशेजारी जो खुर्द असतो, तोच हा. अशाच लहान गावांतली पोरं त्या खुर्द्यात मोजली गेली, किंबहुना मोजलीच गेली नाहीत.

'शहीद' अरबी, मूळ अर्थ साक्षीदार, पुढे श्रद्धेसाठी प्राण देणारा. लोक तो आज सैनिकासाठी सर्रास वापरतात. संरक्षण मंत्रालयाच्या अधिकृत परिभाषेत मात्र तो नाही. 'हुतात्मा' म्हणजे ज्यानं स्वतःची आहुती दिली तो. मराठी माणसाच्या मनात तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या झेललेल्यांशी जोडलेला आहे, आणि ते सैनिक नव्हते. तुमचे पूर्वज पगारी शिपाई होते, परक्या राजाच्या फौजेत. त्यांनी कोणत्या ध्येयासाठी प्राण दिले हे आपण त्यांच्या वतीनं ठरवू नये. 'कामी आले' हा शब्द तसं काही ठरवत नाही. पत्करलेलं काम करताना गेले, एवढंच तो सांगतो.

एक गोष्ट मात्र पाटी कोरण्याआधी तपासा. मेसोपोटेमियात गेलेले सगळेच लढाईत पडले नाहीत. तिथल्या कुत या गावाला तुर्कांनी वेढा घातला, त्यात इंग्रजांच्या फौजेतल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला वेढ्यातल्या या फौजेनं शरणागती पत्करली, आणि त्यानंतर कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत, उपासमारीनं आणि रोगानं पुष्कळ माणसं गेली. तुमच्या पूर्वजांचा मृत्यू तसा झाला असेल, तर 'कामी आले' काटेकोरपणे बसत नाही. तिथं 'युद्धकैदेत मृत्यू' असं सरळ लिहावं; त्यात कमीपणा काहीच नाही. पलटणीच्या नोंदीत किंवा राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या यादीत नाव सापडलं, तर तारीख कळेल.

लढाईतलाच मृत्यू असेल, तर नाव, गाव, पलटण, साल आणि त्याखाली 'मेसोपोटेमियात कामी आले' एवढं पुरे. पाटीवर आदरार्थी 'आले'च हवं. वहीतला एकेरी 'आला' थोरल्या भावाचा आहे, तो वहीतच राहू द्या.