सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाचताना

पहिल्यांदाच जमीन घेताय, तर दलालाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. समजा सातबाऱ्यावर १.२०.०० लिहिलंय, तर ते एक एकर वीस गुंठे नव्हे. हेक्टर (१०,००० चौरस मीटर), आर (१०० चौरस मीटर), चौरस मीटर असा तो क्रम आहे. म्हणजे १२,००० चौरस मीटर, जवळपास २ एकर साडेअडतीस गुंठे! गावात मात्र बोलणं एकर-गुंठ्यातच चालतं, आणि तिथे 'अडीच एकर' कागदावर २.२० असंही लिहितात, कारण ४० गुंठ्यांचा एकर. कॅल्क्युलेटरला हे कळत नाही.

'आर म्हणजे गुंठाच हो,' असं सगळे म्हणतात. अंदाजाला ठीक, व्यवहाराला नाही. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, १,०८९ चौरस फूट. आर १,०७६ च्या आसपास. हेक्टरभर जमिनीत हा फरक एका गुंठ्याच्या वर जातो, आणि भाव गुंठ्यावर असेल तर तेवढे पैसे फुकट गेले.

मी सगळं आधी चौरस मीटरमध्ये आणतो, मग १०१.१७ ने भागून गुंठे काढतो. एकूण क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती, तेही त्याच उताऱ्यावर बघा.