संकासुराचा प्रश्न, घरपट्टीची नोटीस

शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी बदलतो. यंदा मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात घरपट्टी आणि गाडी उभी करण्याची जागा या दोनच गोष्टी आहेत. नगरपरिषदेच्या करविभागात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली असल्याने संपादकांनी ती सगळी पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीच्या नमनात, म्हणजे कोकणी लोकनाट्यात, यंदा संकासुर या विनोदी सोंगाच्या तोंडी नगरपरिषदेवर टीका होती. ‘ओटीवर बसलो तर घरपट्टी, रस्त्यावर उभा राहिलो तर पार्किंग, मग माणसाने उभे तरी कुठे राहायचे?’ या वाक्याला मोठा हशा आला. घरपट्टीतच पार्किंगचा कर घेतात आणि पार्किंगच्या ठेक्याच्या पैशांतून एका पदाधिकाऱ्याने नवी गाडी घेतली, असेही त्यात होते. आता ‘नगरपरिषद अब्रुनुकसानीचा दावा लावील’ असा निरोप आला आहे. मंडळातील जुनी माणसे म्हणतात, सोंग काढून टाका. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : सोंग काढून टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ‘आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य’ या निकालात स्पष्ट म्हटले आहे की शासन, स्थानिक प्राधिकरण आणि शासकीय सत्ता वापरणाऱ्या अन्य संस्था यांना स्वतःच्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. नगरपरिषद ही स्थानिक प्राधिकरणच आहे. म्हणून ‘नगरपरिषद दावा लावील’ हा निरोप ज्याने आणला, त्याला या निकालाचे नाव शांतपणे सांगावे आणि चहा पाजून परत पाठवावे.

व्यक्तीची गोष्ट मात्र वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला त्याच कलमाने अपवादही दिला आहे. तुमच्या सोंगातील तीन वाक्ये या कसोटीवर तीन ठिकाणी पडतात. ओटीचे वाक्य हे मत आहे, त्यात नागरिकाचे खरे दुःख आहे, ते जसेच्या तसे ठेवा. पदाधिकाऱ्याच्या गाडीचे वाक्य हे मत नव्हे, ते एका माणसावर केलेले विधान आहे. त्याचा कागद मंडळाकडे नसेल तर ते आजच काढा. भीतीपोटी काढा असे मी म्हणत नाही. खोटे ठरू शकणारे एक वाक्य उरलेल्या खऱ्या वाक्यांनाही घेऊन बुडते, आणि मग घरपट्टीचा मुद्दा बाजूला राहून गावात फक्त गाडीची चर्चा होते.

त्या जागी काय घालावे, तेही सांगतो. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून पार्किंगचा ठेका कितीला गेला, किती मुदतीसाठी गेला आणि आजवर किती रक्कम नगरपरिषदेच्या खात्यात जमा झाली, एवढे तीनच प्रश्न विचारा. उत्तर देण्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. आलेला आकडा संकासुराला वाचू द्या. नमनाच्या मांडवात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे गाव एकत्र बसलेले असते. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला एवढी माणसे कधी येत नाहीत. इतक्या लोकांपुढे खरा आकडा उच्चारण्याची संधी मंडळाने वाया घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

तिसरे वाक्य, ‘घरपट्टीतच पार्किंगचा कर घेतात’, हे चुकीचे आहे. बिल हातात घेऊन पाहा. त्यात मालमत्ता कराबरोबर शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर अशी शीर्षे दिसतील आणि दुकान असेल तर रोजगार हमी करही दिसेल. पार्किंग नावाचे शीर्ष नसते. यांपैकी शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे १९६२ च्या अधिनियमाखाली राज्य शासनासाठी गोळा होतात, नगरपरिषद केवळ वसूल करून ते पुढे पाठवते. आपल्या बिलातील प्रत्येक रुपया गावातच राहतो आणि तरी गटार उघडे का, असे विचारणाऱ्या माणसाला ही विभागणी माहीत असली की त्याचा प्रश्न अधिक टोकदार होतो.

प्रश्न : मी मुंबईत नोकरीला आहे. सिंधुदुर्गातील आमचे वडिलोपार्जित घर वर्षातील दहा महिने बंद असते. फेरआकारणीत घरपट्टी एकदम वाढून आली आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत घरपट्टी माफ आहे, मग गावच्या घराला का नाही? आमच्या प्रभागातील नवे नगरसेवक ‘मी कमी करून देतो’ म्हणतात. थांबावे का? (एक चाकरमानी वाचक)

उत्तर : थांबू नका. या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मुदत’ हा आहे, म्हणून तो आधी सांगितला.

मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांची सूट १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ती मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात केलेल्या दुरुस्तीने. कोकणातील नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या वेगळ्या अधिनियमाखाली चालतात, त्यामुळे ती सूट आपोआप गावाकडे येत नाही.

नगरसेवकांविषयी म्हणाल, तर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी प्रशासकांची राजवट संपली आणि लोकांनी निवडलेली माणसे पुन्हा सभागृहात आली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. प्रशासकाच्या काळात करवाढीवर सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हते. तरीही कराचा दर ठरवणे आणि एखाद्या घराचे मूल्य ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दराविषयी सभागृहाला बोलता येते. तुमच्या घराचे करयोग्य मूल्य प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ठरवतो आणि ते एका नगरसेवकाच्या शब्दाने खाली येत नाही. त्यांची इच्छा चांगली असेल, तर त्यांना सुनावणीला सोबत येण्याची विनंती करा.

आता हिशेब. भाडेमूल्यावर आधारित पद्धतीत घराला वर्षाला किती वाजवी भाडे येईल ते ठरवतात, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेला करयोग्य मूल्य म्हणतात. समजा, घर ६०० चौरस फुटांचे आहे आणि भाड्याचा दर महिन्याला चौरस फुटास दोन रुपये धरला आहे. वर्षाचे १४,४०० झाले, दहा टक्के वजा जाता १२,९६०. कराचा दर २५ टक्के मानला तर कर ३,२४० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या नोटिशीतील दर घालून हाच हिशेब करता येईल.

हे सारे गणित ज्या एका आकड्यावर उभे असते तो म्हणजे क्षेत्रफळ, आणि चुका तिथेच होतात. माझेच घर सांगतो. फेरआकारणीच्या वेळी मोजणीला आलेला मुलगा गडग्याच्या बाहेरच उभा राहिला. पावसाळ्याआधी लाकडांच्या ढिगावर आम्ही वासे टेकवून पत्रा घालतो, तो त्याने वरवर पाहिला आणि ‘वाढीव खोली, पत्र्याचे छप्पर’ अशी नोंद करून निघून गेला. नोटीस आली तेव्हा घर ६०० चे ७५० चौरस फूट झाले होते. वरच्याच दरांनी हिशेब केला तर ७५० फुटांचा कर ४,०५० रुपये होतो, म्हणजे वर्षाला ८१० रुपये जास्त. कायद्याप्रमाणे आकारणी यादी निदान चार वर्षांतून एकदा नव्याने करायची असते. तोवर ही चूक राहिली असती तर चार वर्षांत ३,२४० रुपये, म्हणजे एका अख्ख्या वर्षाची घरपट्टी, मी लाकडाच्या ढिगासाठी भरली असती. करविभागात आयुष्य गेलेल्या माणसाच्या घरी असे होते, तर बंद घराच्या मालकाचे काय होत असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी काय केले, ते तुम्हीही करा. आकारणी यादीतील आपल्या घराच्या नोंदीची प्रत आणि मोजणीचा तक्ता लेखी अर्ज देऊन मागा. गावी असलेल्या भावाला किंवा शेजाऱ्याला ओटी, माजघर, पडवी, न्हाणीघर असे एकेक दालन फीत लावून मोजायला सांगा आणि उघडे खळे किंवा त्यावर घातलेला तात्पुरता मांडव खोलीत धरला आहे का ते पाहा. फरक निघाला की नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार कायद्याला ऐकू येत नाही. मुदतीत हरकत घेतलेली नसेल तर पुढे अपील करण्याचा मार्गही बंद होतो, आणि अपिलाच्या वेळी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. सुनावणीला जाताना फोटो न्या. माझी वाढीव खोली अधिकाऱ्यांनी लाकडांचा फोटो पाहताच यादीतून काढली होती.

मान्य असलेली रक्कम मात्र अडवून ठेवू नका. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. ४,०५० रुपयांच्या थकबाकीवर ती महिन्याला ८१ रुपये आणि वर्षाला ९७२ रुपये होते. रागाने न भरलेली घरपट्टी शेवटी रागावलेल्या माणसालाच महाग पडते, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे.

प्रश्न : जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिवळे जाकीट घातलेली मुले प्रत्येक गाडीमागे पन्नास रुपये घेतात. फलक नाही, पावतीवर नगरपरिषदेचे नाव नाही. घरपट्टी भरणाऱ्या रहिवाशाने हे पैसे का द्यावेत? (एक वाचक, किनाऱ्यावरील पर्यटनाचे गाव)

उत्तर : फलक नाही आणि पावतीवर नाव नाही, तर तुम्ही ते पैसे नेमके कोणाला दिले हे सांगता येणार नाही, म्हणून देऊ नयेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे गाड्या उभ्या करण्याच्या जागा राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवते. ठेकेदाराने दोरी बांधली म्हणून रस्ता वाहनतळ होत नाही. ठेक्याचा करार आणि दर ठरवणाऱ्या ठरावाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा, आणि दरपत्रक व मुदत लिहिलेला फलक जागेवर लावावा अशी मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी करा.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही. घरपट्टी ही गावाच्या सामाईक व्यवस्थेसाठी आहे. तिच्यामुळे रस्त्याचा तुकडा आपल्या गाडीच्या नावावर होत नाही. एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. तेवढ्या पडवीवर आपण कर भरतो आणि तेवढाच रस्ता रात्रंदिवस फुकट अडवतो, हे बाजारपेठेतून पाटी डोक्यावर घेऊन वाट काढणाऱ्या मासळीवालीला रोज सोसावे लागते. शनिवार-रविवारी बाहेरून येणाऱ्या गाड्यांकडून रीतसर पावती देऊन शुल्क घ्यावे, त्या रकमेचा वेगळा हिशेब ठेवावा आणि ती त्याच रस्त्याच्या गटारावर व दिव्यांवर खर्च करावी, हे मला न्याय्य वाटते. रहिवाशांना सवलत जरूर असावी, पण ती ठरावाने दिलेली असावी. जाकीटवाल्या मुलाच्या ओळखीवर अवलंबून नसावी.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या खालची स्टिल्टमधील, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या मजल्यावरील, पार्किंगची जागा बिल्डरने भिंती घालून दुकान म्हणून विकली. दुकानाची घरपट्टी लागली आहे, त्यामुळे ते कायदेशीर झाले असे तो सांगतो. आमच्या गाड्या आता रस्त्यावर असतात. (एक गृहनिर्माण संस्था, रायगड जिल्हा)

उत्तर : कायदेशीर झालेले नाही. कर आकारला म्हणून अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही आणि घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावाही नव्हे. स्टिल्टमधील पार्किंग स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ‘नहालचंद लालूचंद’ प्रकरणात दिला आहे. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढा, त्यावरील पार्किंगची खूण दाखवून मुख्याधिकाऱ्यांकडे संस्थेच्या ठरावासह तक्रार करा. तक्रार एकट्या सभासदाच्या नावाने देऊ नका. संस्थेच्या लेटरहेडवर द्या.

प्रश्न : शेजाऱ्यांचे पाहुणे आमच्या फाटकासमोर गाडी लावून दोन-दोन दिवस गणपतीला जातात. तक्रार नगरपरिषदेत करावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पोलिसांकडे करावी. दुसऱ्याच्या आवाराच्या येण्याजाण्याच्या वाटेसमोर गाडी उभी करण्यास २०१७ च्या वाहन चालन विनियमांत मनाई आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा सार्वजनिक ठिकाणी दहा तास अथवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. त्याआधी एकदा शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन सांगून पाहा. आरतीला तुम्हीही जाणारच आहात, तेव्हा बोलता येईल.