वाचकांचे प्रश्न : लाँचने अलिबाग, पायी कुलाबा

प्रश्न : गेटवेहून लाँचने एका दिवसात अलिबागला जाऊन यायचं आहे. कुलाबा किल्ल्यात चालत जाता यावं, असा दिवस कसा निवडायचा? सोबत सत्तरीची आई आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि पायी वाट फक्त ओहोटीला उघडी पडते. म्हणून आधी तिथी बघा, मग तिकिटं काढा. कोकण किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. ओहोटी तिच्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी नऊच्या आसपास. पंचमीला दहा. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. सकाळची पहिली लाँच पकडणाऱ्याला हे दोन दिवस उत्तम. वेळ मात्र त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्याच.

अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते म्हणून लोक तो दिवस धरतात आणि फसतात. अष्टमी ते दशमी भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस. पाणी पुरेसं हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणामुळे वाट चांगली उघडी पडते, पण सकाळी-संध्याकाळी सहाला. लाँचच्या वेळेत ते बसत नाही.

ओहोटीच्या तासभर आधी किल्ल्याकडे निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात किनाऱ्यावर या. भरती पहिला तास हळू चढते, तिसऱ्या-चौथ्या तासाला सपाट्याने. गुडघाभर पाणी बघता बघता कमरेला लागतं. राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आणि गोड्या पाण्याची पुष्करणी एवढ्या वेळात निवांत बघून होते. वाटेत शेवाळलेले खडक आहेत, पट्ट्याच्या सँडल घाला. आईंसाठी किनाऱ्यावरून घोडागाडी करा.

आईंची खरी अडचण गेटवेच्या पायऱ्यांवर होईल. लाँच लाटेबरोबर वरखाली होते. खलाशाचा हात धरून, ती वर येईल तेव्हाच पाऊल टाकायचं. ते जमणार नसेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला, म्हणजे अलिबागसाठी जिथे उतरतात त्या बंदराला, जा. त्यात स्वतःची गाडीही चढवता येते, म्हणजे पुढचे वीसेक किलोमीटर सुखाचे. लाँचने गेलात तर मांडवा-अलिबाग बस बहुधा तिकिटातच असते. तिकीट जपून ठेवा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रो हवामान बघून सुटते. किल्ल्याची वाट मात्र त्या दिवसांत धरूच नका.