यार्देनची बाटली

प्रिय बाळ,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा जर्मनीचा व्हिसा आल्याचं पाळकसाहेबांनी मंडळीत सांगितलं, तेव्हा तू मान खाली घालून बसली होतीस. बाहेर पडताना मात्र हळूच विचारलंस, "सर, तिकडं गेल्यावर माझा विश्वास टिकेल ना?" मी "टिकेल, टिकेल" म्हणून वेळ मारून नेली. चपला शोधायच्या गडबडीत असल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

मी परदेशी एकदाच गेलो. २०१९ साली, आपल्याच बावीस जणांबरोबर, नऊ दिवस इस्राएलला. तीस वर्षं संडे स्कूलच्या फळ्यावर गालीलचा नकाशा काढला होता, गावांची नावं तोंडपाठ. त्यामुळं विमानातून उतरलो तो जवळजवळ मालकाच्या तोऱ्यात, आपल्याच घरी आल्यासारखा. गाईडच्या चुकासुद्धा काढत होतो. (गालील तळ्याकाठच्या तिबिर्याला "पेत्राचा मासा" म्हणून ताटात आली ती आपल्या उजनीतल्या चिलापीची बहीणच निघाली, हेही मीच सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.)

यरुशलेमेतल्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये आत गेल्या गेल्या समोरच एक लालसर शिळा आहे. वधस्तंभावरून उतरवलेल्या प्रभूच्या देहाला तिथं सुगंधी द्रव्यं लावली, असं मानतात. एक म्हातारी बाई गुडघे टेकून, तेलात भिजवलेला रुमाल त्या शिळेवर घासत होती. घासायची, घडी बदलायची, परत घासायची. मी शेजारच्याला म्हणालो, "ही मूर्तिपूजाच की हो!" आवाज जरा चढलाच. तिला मराठी कुठलं कळायला? तिनं वर बघितलं, मला शिळेला हात लावायचाय असं तिला वाटलं, आणि हसून, गुडघ्यांवरच सरकत तिनं मला जागा करून दिली.

मी तिथून निघून गेलो. रात्री हॉटेलात बॅग उघडली, तर वरच यार्देनच्या, म्हणजे प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या नदीच्या, पाण्याची बाटली. दोन दिवसांपूर्वी पायऱ्या उतरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी स्वतः भरलेली. पायांना मासे टोचत होते तरी भरलेली. माझी बाटली चालते आणि त्या बाईचा रुमाल का चालत नाही, याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही.

त्या चर्चची गोष्ट तुला माहीत असावी. सहा पंथ ते वाटून वापरतात: ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन. कुणाची कुठली भिंत नि कुणाचा कुठला दिवा, हे तुर्की सुलतानाच्या काळापासून ठरलेलं. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे. १७२८ च्या चित्रात ती दिसते आणि आजही तिथंच आहे, कारण ती हलवायची तर सगळ्यांची संमती लागते. दाराची किल्ली मात्र मुसलमानांकडं! जूदेह घराणं किल्ली सांभाळतं, नुसैबेह घराणं दार उघडतं. सलाउद्दीननं ११८७ साली शहर घेतलं तेव्हापासूनची ही रीत सांगतात. २००२ साली छतावर एका कॉप्टिक साधूनं खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली, तर इथिओपियन साधूंशी मारामारी होऊन अकरा जण दवाखान्यात गेले. हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मग कुणीतरी आपल्या मंडळीतल्या पंख्याखालच्या बाकाची आठवण काढली. त्या बाकापायी दोन घरं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. हसू तिथंच थांबलं.

आपल्या प्रॉटेस्टंटांचा त्या इमारतीत वीतभरही वाटा नाही. आपल्याला नेतात ते दमास्कस दरवाज्याबाहेरच्या बागेतल्या कबरेकडं; प्रभूची कबर ती, असं काहीजण मानतात. झाडं, शांतता, बसायला बाकं. आम्ही तिथं मराठीत गायलो, माझे डोळे भरून आले, आणि हीच खरी कबर असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. घरी आल्यावर वाचलं की ती प्रभूच्या काळाच्या कित्येक शतकं आधीची असावी, असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. मला आवडली म्हणून ती खरी ठरली होती, दुसरं काय!

बेथलेहेमात जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम चार फुटांचं. आमच्यातले उंच काका कपाळ शेकत आत आले. पण मला आठवतो तो जवळचा जैतुनाच्या लाकडाचं कोरीव काम करणारा अरब. त्याला मी, तुझा हा शहाणा सर, गाईडकरवी विचारलं, "तुमचे पूर्वज ख्रिस्ती कधी झाले?" तो काही बोलला नाही. हातातल्या छिन्नीनं त्यानं चर्चच्या दिशेनं खूण केली आणि पुन्हा कामाला लागला. आपल्या नगरात अमेरिकन मिशनरी १८३१ साली आले. त्याच्या मानानं आपण काल आलेले. तो प्रार्थनेत देवाला "अल्लाह" म्हणतो, आणि निघताना "सलाम" म्हणाला. ज्या सलामावरून शाळेत मला पोरं चिडवायची, तोच.

तिबिर्यालाच तळ्याकाठी आमचं बोलणं ऐकून एक आजी थांबल्या. "कुठले तुम्ही?" अस्सल कुलाब्याची मराठी. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी, लहानपणी अलिबागकडून आलेल्या. म्हणाल्या, "तिकडं आम्ही शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. इकडं आलो तर हे विचारायला लागले, तुम्ही खरे यहुदी कशावरून?" लग्नंसुद्धा अडत होती. लोकांनी उपोषणं केली, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेनं हे सगळ्या अर्थांनी यहुदीच आहेत असं ठरवलं. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, काही कडवटपणा नव्हता. मग विचारलं, "कुणाकडं आमसुलं आहेत का गं?" आमसुलं नव्हती. लसणाची चटणी होती. ती डबीसकट घेऊन गेल्या.

तुलाही तिकडं विचारतील, इंडियन ना तू, मग ख्रिस्ती कशी? इथं आपल्याला उलटं विचारतात. दोन्हीकडं चिडू नकोस. जमलं तर त्या आजींसारखं सांग आणि चटणीचं बघ.

एक व्यवहाराचं, माझ्या पुतण्यानं सांगितलेलं. जर्मनीत पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात. तिथल्या कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल चर्चच्या सभासद म्हणून नोंद झाली, तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चचा कर पगारातून कापला जातो. काहीजण तो वाचवायला धर्म नाही म्हणून लिहितात. तुला पहिल्या पगारात घरी पैसे पाठवायचेत, मला माहीत आहे. तरी लिहायच्या आधी एक रात्र जाऊ दे. रविवारी चर्चमध्ये दहा-बारा म्हातारी माणसं दिसली, तर मागं बसू नकोस, त्यांच्या शेजारी बस.

विश्वास टिकेल का, हे मला खरंच सांगता येत नाही. माझा इस्राएलला गेला तसाच परत आला नाही, एवढं सांगतो. आता कुणी काही घासताना, चुंबताना दिसलं, की मी गप्प बसतो. ती बाटली अजून कपाटात आहे. पाणी जरा हिरवट झालंय. टाकवत नाही, आणि कुणाला देववतही नाही.

पोचलीस की फोन कर. रात्री साडेनवाच्या आत कर, नंतर तुझ्या काकू माझा मोबाईल काढून घेतात.

तुझा,
सर