हातच्याची घाई नको: बेरीज-वजाबाकीविषयी पालकांचे प्रश्न

आपल्याकडे, विदर्भात, शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पोळ्याच्या सुमारास पालकांची पत्रे येऊ लागतात. बहुतेक पत्रांत मुलांच्या मोजणीची आणि बेरीज-वजाबाकीचीच तक्रार असते, म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न: पहिलीतली मुलगी बेरीज करताना बोटे मोजते. ही सवय मोडावी का? (घाटंजी तालुका)

उत्तर: नाही, मोजू द्या. ८ आणि ५ यांची बेरीज करताना ती पुन्हा एकपासून सुरुवात करत असेल, तर आठ मनात धरून पुढे पाच मोजायला मात्र शिकवा.

प्रश्न: आम्ही घरी कोरकू बोलतो. मुलाला कोरकूत मोजू दिले तर शाळेत त्याचा गोंधळ होईल, असे शेजारी सांगतात. (धारणी तालुका)

उत्तर: शेजाऱ्यांचे ऐकू नका. ज्या भाषेत मुलाला वस्तू मोजता येतात, त्या भाषेत मोजू द्यावे आणि मराठी संख्यानावे त्याच वस्तूंवर हळूहळू शिकवावीत. घरची भाषा कोणती, हे वर्गशिक्षकांना आवर्जून सांगा.

प्रश्न: मुलगा ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितो. रोज वीस उदाहरणे देऊनही चूक तीच. (दारव्हा तालुका)

उत्तर: वीस उदाहरणे देणे आजच थांबवा. हा निष्काळजीपणा नाही. मुलगा एक नियम काटेकोरपणे पाळतो आहे. एकअंकी वजाबाकी शिकवताना आपणच त्याला ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ असे सांगितलेले असते, त्यामुळे एककाच्या घरात २ आणि ७ दिसताच तो ७ मधून २ काढतो आणि ५ लिहितो. त्याच्या दृष्टीने ५२ ही एक संख्या नसून शेजारी लिहिलेले दोन सुटे अंक आहेत, आणि उभी मांडणी घाईने शिकवली की हाच समज पक्का होतो. अशा मुलाकडून जितकी जास्त उदाहरणे सोडवून घ्याल, तितकी चूक अधिक मुरेल.

तुराट्यांच्या एकसारख्या काड्या घ्या आणि दहा-दहांचे गठ्ठे सुतळीने त्यालाच बांधू द्या. समोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून २७ काड्या मागा. सात सुट्या देता येत नाहीत, हे त्याला स्वतःलाच दिसेल आणि तो एक गठ्ठा सोडेल. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या, त्यातून दोन गठ्ठे आणि सात सुट्या दिल्या की २५ उरतात. हातचा म्हणतात तो हाच सुटलेला गठ्ठा. पाटीवरची मांडणी यानंतर, तीही काड्या समोर असतानाच. दहाची नोट आणि रुपयाची नाणी घेऊनही हे करता येते, परंतु नोटेत दहा रुपये डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून गठ्ठे आधी. उत्तराचा पडताळाही त्यालाच घेऊ द्या: ३५ आणि २७ मिळून ६२ होतात, ५२ नव्हे.

एक सूचना मात्र कळकळीची: मोजायला पेरणीचे रंगीत बियाणे कधीही देऊ नका, त्यावर विषारी औषध लावलेले असते. महिनाभराने फरक पडला नाही, तर वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.

प्रश्न: नव्या पुस्तकांनी ‘एकवीस, बावीस’ बंद केले, हे खरे का? (मूल तालुका)

उत्तर: नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, ते जुन्या वाचनाच्या जोडीला. ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणाऱ्या मुलाला ‘पन्नास दोन’ने मदतच होते. वाद ऐकण्यापेक्षा पुस्तक उघडून पाहावे.

प्रश्न: तालुक्याला अबॅकसचा क्लास निघाला आहे. त्याने उजवा मेंदू जागा होतो म्हणतात. मुलीला घालावे का? (रिसोड तालुका)

उत्तर: निरोगी मुलाच्या मेंदूची कोणतीही बाजू झोपलेली नसते, हे जाहिरातीचे शास्त्र आहे. अबॅकस हे मोजणीचे जुने आणि प्रामाणिक साधन आहे, पण मणी भराभर सरकवणाऱ्या मुलीला ५२ मध्ये दशक किती हे सांगता येतेच असे नाही. फी भरण्यापूर्वी, तिला नेमके काय अडते, हे तिच्या शिक्षकांना विचारा.

प्रश्न: तिसरीतल्या मुलाला ५ आणि ८ पैकी मोठे कोणते, हे अजून सांगता येत नाही. घरचे म्हणतात, मोठा झाला की येईल. (अहेरी तालुका)

उत्तर: आपोआप येणार नाही, आणि एक वर्ष आधीच वाया गेले आहे. प्रथम त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे न दिसल्याने मागे पडलेली मुले पुष्कळ असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मोफत तपासणी करते. ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा, आणि उशीर असेल तर थेट ग्रामीण रुग्णालयात जा. तपासणीत काही आढळले नाही, तर गटसाधन केंद्रातील (शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातील) विशेष शिक्षकांना भेटा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच येणाऱ्या कायमच्या अडचणीला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, पण तसे निदान पत्र वाचून मी करणार नाही आणि गावातल्या कोणीही करू नये. दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात शाळेत जावे.